तेच ते पुन्हा का सांगायचं?

मंडळी, कीर्तनकाराच्या कानावर एक तक्रार नेहमी येते. "बुवा, तुम्ही तेच तेच सांगता." तक्रार खोटी नाही. आम्ही तेच सांगतो. पण तेच पुन्हा सांगण्याला आपल्या मराठीत किती शब्द आहेत ते एकदा बघा, म्हणजे तक्रार नेमकी कशाबद्दल करायची हे कळेल.

पोर पाढे घोकतं. मास्तर बजावून सांगतात. भक्त देवाला आळवतो. दुसऱ्याच्या मागं नुसती मान हलवणारा री ओढतो. आणि वीस वर्षांपूर्वीचं बांधाचं भांडण दर दिवाळीला काढून बसणारा ते उगाळतो. पुन्हा येणं सगळीकडे आहे, पण कशासाठी ते वेगळं आहे. घोकणाऱ्याला पाठ व्हावं वाटतं, बजावणाऱ्याला घोळ होऊ नये वाटतं, आळवणाऱ्याचं मन भरत नाही म्हणून तो पुन्हा हाक मारतो. आता चंदनही उगाळतातच की. पण सहाणेवर चंदन उगाळलं तर देवाच्या कपाळाला गंध मिळतं. भांडण उगाळून हाताला काय लागतं ते घरोघरी ठाऊक आहे, मी सांगायला नको.

हा विचार आपल्या शास्त्रकारांनी फार बारकाईनं केलेला आहे. न्यायशास्त्रात गौतम ऋषींनी वादात हरण्याची बावीस कारणं दिली आहेत, त्यात 'पुनरुक्त' हे एक. सभेत तेच शब्द, तोच अर्थ विनाकारण पुन्हा बोललात की हरलात. पण लगेच त्यांनी एक सूट ठेवली: अनुवाद सोडून. आज आपण अनुवाद म्हणजे भाषांतर समजतो. मूळ अर्थ तसा नाही. अनु म्हणजे मागून, वद म्हणजे बोलणं. आधी बोललेलं काही कारणानं पुन्हा बोलणं, तो अनुवाद. दाखला अगदी आपल्या तोंडातला आहे. 'लवकर चल' म्हटलं आणि 'लवकर लवकर चल' म्हटलं, यात फरक आहे का नाही? दुसऱ्या 'लवकर'नं घाई वाढवली. शब्द तोच, काम नवं. म्हणून तो दोष नव्हे.

मीमांसक तर याच्याही पुढं गेले. एखाद्या प्रकरणाचं खरं तात्पर्य काय हे ओळखायच्या त्यांनी सहा खुणा सांगितल्या. त्यातली एक खूण 'अभ्यास', म्हणजे जे वारंवार सांगितलंय ते. आपण अभ्यास म्हणजे पोरांचा गृहपाठ समजतो. पण ग्रंथ जिथं पुन्हा पुन्हा येऊन थांबतो, तिथं त्याचा जीव असतो, हा त्याचा भाव.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. श्वेतकेतू बारा वर्षं गुरुगृही शिकून, चोवीस वर्षांचा होऊन घरी आला. आला तो ताठ्यात. सगळं येतं म्हणे! बापानं, उद्दालकांनी, ते ओळखलं आणि त्याला एकच महावाक्य सांगितलं. किती वेळा? नऊ वेळा. पण नऊ वेळा नुसतं घोकून घेतलं नाही. एकदा मधमाश्या अनेक फुलांचा रस एक करतात ते सांगितलं. एकदा नद्या समुद्रात मिळतात ते. एकदा वडाचं फळ आणायला लावलं, बी फोडायला लावलं, आत काय दिसतं विचारलं. एकदा पाण्यात मीठ टाकून रात्रभर ठेवायला सांगितलं आणि सकाळी वरून, मधून, खालून चाखायला लावलं. दृष्टांत बदलला, वाक्य तेच. आणि मंडळी, माझं लक्ष दर वेळी जातं ते दुसरीकडेच. बाप आपण होऊन पुढचं सांगत सुटलेला नाही. दर खेपेला पोरानं विनवलंय, की मला आणखी समजावून सांगा. ताठ्यात आलेला पोरगा मागायला लागला, तिथंच निम्मं काम झालं. पुन्हा सांगण्याला सांगणारा एकटा पुरत नाही, ऐकणाऱ्यानंही पुन्हा मागावं लागतं.

आमच्या वारकरी कीर्तनाची सगळी उभारणी यावरच आहे. गाथा उघडा. अभंगात एका ठिकाणी 'ध्रु.' एवढंच छापलेलं दिसेल. ध्रुव म्हणजे न हलणारा. बुवा एका चरणाचं निरूपण करतात, दाखले देतात, कुठं कुठं हिंडून येतात, आणि टाळकरी परत ध्रुपदावर आणून सोडतात. पहिल्या चरणानंतरचं ध्रुपद आणि तिसऱ्या चरणानंतरचं ध्रुपद, अक्षरं तीच असली तरी तुम्ही ते ऐकणारे बदललेले असता. हरिपाठाचंही तसंच. माऊलींचे सत्तावीस अभंग (काही प्रतींत 28), आणि म्हणताना प्रत्येकानंतर तेच ध्रुपद. नवख्या माणसाला वाटतं, एकदा म्हटलं की झालं की! पण नाम तोंडात राहावं यासाठीच हरिपाठ आहे.

आता आपल्या कोल्हापूरचं बघा. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबरं उधळतं, आणि सगळा डोंगर 'चांगभलं' म्हणतो. या शब्दाची फोड कधी केलीय का? चांग म्हणजे चांगलं. भलं म्हणजेही चांगलंच. एकच मागणं एका शब्दात दोनदा! न्यायशास्त्री म्हणेल, एक शब्द जादा झाला. चढण चढून आलेल्या माणसाला विचारा.

घरात मात्र आपण हे विसरतो. म्हातारा बाप रात्री विचारतो, "कडी लावली काय?" लावली म्हणता. घटकाभरानं पुन्हा, "कडी लावली न्हवं?" तिसऱ्यांदा विचारलं की आपला आवाज चढतो. वयानं विसर पडला असेल. किंवा कडी हे निमित्त असेल, कुणीतरी दोन शब्द बोलावं एवढंच असेल. ज्यानं तुम्हाला 'हा कावळा, ही चिमणी' हजारदा सांगितलं, त्याला चौथ्यांदा उत्तर देताना त्याची पुनरुक्ती मोजायची का? कीर्तनात तासभर तेच ध्रुपद म्हणायला आपल्याला जड जात नाही, आणि घरी चार शब्दांना जड जातं.

अंबाबाईच्या किरणोत्सवाला येणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. 9, 10 आणि 11 नोव्हेंबर, तसंच 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळता सूर्य तोच, महाद्वार तेच. परंपरेनं पहिल्या दिवशी किरणं आईच्या चरणांवर येतात, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. कधी ढग आडवे येतात, किरणं मध्येच विरतात, तर त्या दिवशीचं तेवढंच. बाहेरगावहून येणार असाल तर मुक्काम तिन्ही दिवसांचा ठेवा, आणि सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी रांगेत उभे राहा.