एक केबल, अनेक ध्वनी

कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट निर्माण केला, तेव्हा मराठी व हिंदी प्रेक्षकांसाठी दोन स्वतंत्र आवृत्त्या कराव्या लागल्या. आज थेट प्रक्षेपणात एकाच केबलमधून चित्रासोबत १६ ध्वनिमार्ग अंकीय स्वरूपात येऊ शकतात. चार-चार मार्गांचे ४ गट केलेले असतात.

शाहू स्टेडियमवरील फुटबॉल सामन्याचे उदाहरण घेऊ. पहिल्या दोन मार्गांवर मैदानाचा ध्वनी, तिसऱ्यावर मराठी आणि चौथ्यावर हिंदी समालोचन आहे, असे समजू. केबल जोडली म्हणजे काम संपले असे नव्हे. प्रथम चित्रसंकेतातून ध्वनी विलग करावा लागतो; नंतर ध्वनिमिश्रण यंत्रावर कोणता मार्ग कोणत्या फेडरवर न्यावयाचा, हे ठरवून द्यावे लागते. तिसऱ्याऐवजी चौथा मार्ग निवडला गेल्यास यंत्र चूक दर्शवीत नाही. ध्वनिमापक नेहमीप्रमाणेच पातळी दाखवितो आणि मराठी प्रेक्षकांच्या घरी हिंदी समालोचन पोहोचते. म्हणूनच प्रत्येक मार्गाची लेखी नोंद ठेवून, प्रक्षेपणापूर्वी तो प्रत्यक्ष ऐकून तपासणे अगत्याचे ठरते.