मुक्कामाचे मोल

दक्षिण अमेरिकेच्या अगदी दक्षिण टोकाला, जेथे चिली आणि अर्जेंटिना या दोन देशांच्या सरहद्दी टिएरा डेल फ्युगो नावाच्या एका वादळी बेटावरून जातात, तेथील ओहोटीने उघड्या पडणाऱ्या चिखलात तिकडचा उन्हाळा घालवणारा ‘रेड नॉट’ नावाचा एक पक्षी आहे. वजनाने तो जेमतेम सव्वाशे ग्रॅमांचा, ओंजळीत सहज मावेल एवढा. परंतु दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास तो त्या मुलखातून उत्तरेकडे निघतो आणि सुमारे १५,००० किलोमीटरांचा पल्ला ओलांडून, जूनच्या आरंभी कॅनडाच्या ध्रुवीय प्रदेशात, बर्फ वितळू लागलेल्या ओसाड भूमीवर अंडी घालण्यासाठी पोचतो. तेथील अल्पकालीन ग्रीष्म संपला की तेवढाच पल्ला उलट दिशेने कापायचा, असा या पक्ष्याचा आयुष्यभराचा क्रम आहे. असल्या प्रवासाची वार्ता ऐकली की आपले लक्ष स्वाभाविकपणे त्याच्या पंखांच्या सामर्थ्याकडे जाते. परंतु ज्या अभ्यासकांनी या किनारपक्ष्यांचा पिच्छा पुरवला, त्यांचा निष्कर्ष असा की हा प्रवास जितका आकाशात होतो तितकाच तो जमिनीवर, वाटेतल्या मोजक्या मुक्कामांवर होतो.

हे पक्षी दररोज थोडे थोडे उडत, जागोजागी दाणापाणी घेत जात नाहीत. ते एकदा उठले की कित्येक दिवस आणि कित्येक रात्री अखंड उडतात, आणि या उड्डाणाचे इंधन म्हणजे त्यांनी आधीच्या मुक्कामावर अंगात साठवलेली चरबी. हे इंधन भरण्याची रीत मोठी विलक्षण आहे. मुक्कामाच्या पहिल्या काळात पक्ष्याची पचनेंद्रिये वाढतात आणि तो अहोरात्र, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून, खातच राहतो. प्रयाणाचा दिवस जवळ आला की ज्या अवयवांचा हवेत उपयोग नाही ते, म्हणजे अन्न दळणारे पेषणीसारखे जठर आणि आतडी, आक्रसून लहान होतात, आणि उड्डाणाचे स्नायू व हृदय मात्र पुष्ट होतात. दूरच्या मोहिमेवर निघालेल्या फौजेने जड सामान मागे ठेवावे तसा हा प्रकार आहे. पण याच व्यवस्थेमुळे पुढच्या मुक्कामाला पोचलेला पक्षी केवळ थकलेला नसतो, तो कठीण अन्न पचवायलाही तात्पुरता असमर्थ झालेला असतो. म्हणून तेथे अन्न असणे पुरत नाही; ते मऊ, पौष्टिक, विपुल आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात उपलब्ध असावे लागते.

अशा इतक्या अटी एकाच वेळी पुऱ्या करणारी जागा पृथ्वीवर विरळा. रेड नॉटसाठी ती जागा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सी आणि डेलावेअर या दोन राज्यांच्या मधोमध असलेल्या डेलावेअरच्या उपसागरात आहे. मेच्या मध्याला हे पक्षी तेथे येऊ लागतात, त्याच सुमारास समुद्रतळावरून एक अतिप्राचीन जीव वाळूवर चढू लागतो. घोड्याच्या नालासारखी ढाल पाठीवर वागवणारा हा प्राणी लोकव्यवहारात खेकडा म्हणवतो, पण त्याचे शरीरशास्त्रीय नाते खेकड्यांपेक्षा कोळ्यांशी अधिक जवळचे. डायनासोर अवतरण्यापूर्वीपासून त्याचा वंश पृथ्वीवर नांदत आला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत, विशेषतः रात्रीच्या भरतीला, माद्या किनाऱ्यावर येतात आणि वाळू उकरून एकेका खळग्यात सुमारे ४,००० हिरवट अंडी घालतात. एक मादी एका हंगामात अशी ८०,००० पर्यंत अंडी घालते.

ही अंडी वाळूत अशा खोलीवर पुरलेली असतात की नॉटची आखूड चोच तिथवर पोचत नाही. ती वर येतात ती दोन कारणांनी: एक तर लाटा वाळू ढवळतात, आणि दुसरे म्हणजे मागाहून आलेल्या माद्या आधीच्यांची घरटी उकरून टाकतात. म्हणजे पक्ष्याच्या मुखी पडते ते या जीवांच्या उत्पत्तीतले निव्वळ शिलकीचे धन, आणि शिल्लक उरण्यासाठी किनाऱ्यावर त्यांची दाटी व्हावी लागते. अशी दाटी असेल तर बारा-चौदा दिवसांत पक्ष्याचे वजन जवळजवळ दीडपट होते, कित्येकांचे दुप्पटही. साधारण १८० ग्रॅमांची मजल गाठल्याखेरीज त्याने पुढे निघणे धोक्याचे, कारण ध्रुवीय प्रदेशात पोचताच तेथे खाण्याजोगे काही मिळेलच असे नाही, आणि पहिले काही दिवस याच शिदोरीवर काढावे लागतात.

१९८० च्या दशकाच्या आरंभी या उपसागरावर नव्वद हजारांहून अधिक रेड नॉट मोजले गेले होते, आणि १९८६ मध्ये पश्चिम गोलार्धातील किनारपक्ष्यांसाठी आखलेल्या आश्रयस्थानांच्या साखळीत या जागेला पहिला मान मिळाला होता. परंतु पुढच्या दशकात बाम आणि शंखवर्गीय जीव पकडण्यासाठी आमिष म्हणून या नालाकार प्राण्याची बेसुमार उचल सुरू झाली. शिवाय त्याच्या निळसर रक्तापासून लसी व टोचण्याची औषधे निर्जंतुक आहेत की नाहीत हे ताडण्याचे द्रव्य बनते, तोही एक भार. हा जीव वयात यायला नऊ-दहा वर्षे लागतात, त्यामुळे एकदा आटलेली संख्या लवकर भरून येत नाही. वाळूवरची अंडी विरळ होत गेली, पुरेसे वजन न भरताच उत्तरेला निघणारे पक्षी वाढले, आणि त्यांपैकी पुढील वर्षी परतणाऱ्यांचे प्रमाण घसरले. न्यू जर्सी राज्याने २००८ मध्ये या प्राण्याच्या पकडीवर बंदी घातली, आणि २०१४ च्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्र सरकारने या पक्ष्याची संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या दफ्तरी नोंद केली. तरीही २०२१ च्या वसंतात उपसागरावर ७,००० पक्षीसुद्धा भरले नाहीत. टिएरा डेल फ्युगोचा चिखल जागच्या जागी होता, कॅनडाचा प्रदेशही बव्हंशी निर्मनुष्य होता. दोन्ही घरे शाबूत असताना ही जात खालावली ती मुख्यतः मधल्या कोठारातला साठा आटल्यामुळे. छावणीची रसद तुटली म्हणजे शूरांच्या फौजेचे काय होते हे पानिपत जाणणाऱ्या मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको.

या आपत्तीतही काही जीव तगून राहतात. टिएरा डेल फ्युगोत १९९५ मध्ये पकडून ज्याच्या पायात खूण अडकवली होती तो ‘बी ९५’ या नावाने ओळखला जाणारा एक रेड नॉट २०१३ मध्येही जिवंत दिसला. त्याने आयुष्यात कापलेले अंतर पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतराहून अधिक भरते, म्हणून लोक त्याला चंद्रपक्षी म्हणू लागले. एवढ्या काळात तो डेलावेअरच्या वाळूवर वर्षाकाठी जेमतेम दोन आठवडे राहिला असेल. पण ते दोन आठवडे वजा केले असते तर उरलेले पन्नास त्याला लाभलेच नसते.

पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला हीच कहाणी पीत समुद्राच्या किनाऱ्यावर घडली. २००७ मध्ये न्यूझीलंडमध्ये ज्याच्या शरीरात संदेशयंत्र बसवले होते तो एक पाणटिवळा, तीही मादी, तेथून उठून १०,००० किलोमीटरांहून अधिक अंतर कोठेही न उतरता उडाली ती चीन आणि कोरियाच्या सीमेवरील यालू नदीच्या मुखाशी उतरली. तेथे सुमारे पाच आठवडे चरबी साठवून ती अलास्काला गेली, आणि परतताना मात्र अलास्काहून थेट न्यूझीलंडपर्यंतचे ११,७०० किलोमीटर तिने आठ दिवसांत अखंड कापले. जाताना तिला मुक्काम अटळ होता. आणि नेमक्या त्याच समुद्राच्या काठची भरती-ओहोटीची सपाटी बांध घालून, भराव टाकून अर्ध्या शतकात जवळजवळ दोन तृतीयांश नाहीशी करण्यात आली. दक्षिण कोरियातील सेमांगम येथे ३३ किलोमीटर लांबीचा बांध २००६ मध्ये जुळला, तेव्हा तेथे उतरणारे हजारो ‘ग्रेट नॉट’ पक्षी शेजारच्या चिखलात सामावून जातील अशी अपेक्षा होती. ते सामावले नाहीत, आणि त्या जातीची संख्या दूर ऑस्ट्रेलियातही घटली. पुढे चीनने २०१८ मध्ये किनाऱ्यावरील भरावांवर कडक निर्बंध घातले, आणि २०१९ मध्ये चीनच्या व २०२१ मध्ये कोरियाच्या अशा किनाऱ्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. चूक उमगल्यावर राज्यसंस्थाही दिशा बदलू शकते, याची ही साक्ष आहे.

आपला महाराष्ट्रही या व्यवहारापासून अलिप्त नाही. मध्य आशियातून हिंदुस्थानात उतरणाऱ्या महामार्गावर आपला किनारा आणि आपले जलाशय येतात. ठाण्याच्या खाडीच्या चिखलात रोहितांच्या पायांशी लगबग करणारे चिखल्या, तुतवार आणि टिलवे हे त्याच जातकुळीचे प्रवासी. कोणी येथे हिवाळा काढतात, कोणी दक्षिणेला जाण्यापूर्वी काही दिवस टेकतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने सालिम अलींच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून पक्ष्यांच्या स्थलांतराचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला, तेव्हापासून हे संबंध उलगडत गेले आहेत. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची म्हणून मान्यता पावलेली पाणथळ जागा, आणि ठाण्याच्या खाडीला तो दर्जा २०२२ मध्ये मिळाला. परंतु उरणसारख्या ठिकाणच्या पाणथळ जागांवर भराव पडतच राहिले आहेत, कारण जी जमीन पिकत नाही आणि जिच्यावर इमारत उभी नाही ती रिकामी, असा हिशेब आपल्या मनात खोल रुजला आहे.

तो हिशेबच दुरुस्त करावयास हवा. एखाद्या जागेचे मोल तेथे कोणी किती दिवस राहिले यावरून ठरवता येत नाही. ती जागा नसती तर कोण कोठे पोचलाच नसता, यावरून ते ठरवावे लागते. वर्षातले पन्नास आठवडे ओसाड दिसणारा चिखल उरलेल्या दोन आठवड्यांत एका संपूर्ण जातीचा आधार असू शकतो, आणि म्हणून भरावाला, बंदराला वा रस्त्याला परवानगी देण्यापूर्वी त्या जागेची पाहणी पक्षी येण्याच्या हंगामातच झाली पाहिजे, एरवी नव्हे. वाचकांपैकी जे खाडीच्या वा जलाशयाच्या शेजारी राहतात त्यांनी येत्या हिवाळ्यात तेथे कोणते पक्षी कधी उतरतात याची तारीखवार नोंद ठेवावी आणि ती अभ्यासकांपर्यंत पोचवावी. एखाद्या जागेचा बचाव करण्याची वेळ येते तेव्हा अशा नोंदींइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो.