समुद्राचं घड्याळ आपल्या भिंतीवरच आहे



भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की घरातली पोरं एकच धोशा लावतात, "आई, दर्यावर कधी जायचं?" आपण माणगाव, महाड, म्हसळा, पोलादपूरकडची माणसं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर आपल्याला हाकेच्या अंतरावर. मुंबई-पुण्याची माणसं इतक्या लांबून येऊन राहून जातात, आणि आपल्यातल्या कितीतरी बायका अशा आहेत की लग्नाला वीस वर्षं झाली तरी त्यांनी समुद्रात पाय बुडवलेला नाही. म्हणून आज घरच्यांना घेऊन एका दिवसाची किंवा एका मुक्कामाची समुद्राची सहल कशी करायची, ते सांगते. पण आधी आमच्या घरची गोष्ट ऐका.

काही वर्षांपूर्वी आम्ही घरची अकरा माणसं दिवेआगरला गेलो. सकाळी पोचलो तेव्हा पाणी लांब गेलेलं, समोर नुसती सपाट, ओली वाळू. पोरं हरखली. पुरुषमंडळी फोटो काढण्यात रमली, जाऊबाई शिंपले वेचायला गेल्या आणि मी सासूबाईंजवळ चटईवर पिशव्या राखत बसले. आमचा सात वर्षांचा पुतण्या पुढच्या वाळूच्या उंचवट्यावर किल्ला करत होता. तासाभराने एक कोळीण मावशी टोपली घेऊन जाता जाता ओरडल्या, "अगो, तो पोरगा कुणाचा?" बघते तर तो उंचवट्यावर तसाच बसलेला, आणि त्याच्या नि आमच्या मधे पाणी भरलेलं. दीर धावले. त्यांच्या कमरेला पाणी लागलं, म्हणजे पोराच्या डोक्यावरून गेलं असतं. आणलं उचलून. अकरा माणसं तिथं होती, पण बघत कुणीच नव्हतं. ज्याला त्याला वाटलं, दुसरा बघतोय.

मावशींनी टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "आज तिथी कोणती?" मी म्हटलं, "पंचमी." "मग दहाच्या पुढं पाणी चढणारच की!" असं म्हणून त्यांनी मला जो हिशेब शिकवला, तोच आज तुम्हाला सांगते.

चंद्राच्या ओढीमुळे समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. पुरी भरती झाल्यावर साधारण सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. म्हणून आपल्या कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पुरी भरती.

करून बघू. संकष्टी म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमाराला पुरी भरती, आणि सकाळी नऊच्या व रात्री नऊच्या सुमाराला पुरी ओहोटी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, अडीचच्या आसपास ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. हा अंदाज आहे, अर्धापाऊण तास मागेपुढे होतो. नेमकी वेळ किनाऱ्यावर कोळ्यांना किंवा जीवरक्षकाला विचारून घ्यायची. पण गंमत बघा, एकादशी, चतुर्थी, अष्टमी कधी आहे हे घरात सगळ्यात आधी कुणाला ठाऊक असतं? उपास धरणाऱ्या बाईला. समुद्राचं घड्याळ आपल्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या पानावरच टांगलेलं आहे. सहलीचा दिवस घरातल्या बाईने ठरवावा, तो यासाठी.

दिवस निवडताना आणखी एक बघा. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप वर चढतं, खूप खाली उतरतं आणि फार वेगाने हलतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढउतार कमी असतो. पोरंबाळं बरोबर असतील तर उधाणाचे दिवस टाळा. चतुर्थी-पंचमी धरली तर सकाळी आठ ते दहा वाळू मोकळी मिळते आणि ऊनही कोवळं असतं. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. जून ते सप्टेंबर पाण्याच्या जवळही जायचं नाही. पावसाच्या सुरुवातीला कोळी स्वतःच्या होड्या ओढून वर ठेवतात, तिथं आपली काय कथा!

हरिहरेश्वरला जाणार असाल तर हा हिशेब हवाच. काळभैरवाच्या देवळामागून डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते. ती ओहोटीलाच करायची. भरतीला लाटा खडकावर आपटतात, दगड शेवाळाने निसरडे असतात. देवळात विचारल्याशिवाय त्या वाटेला लागू नका, आणि कुणी नको म्हणालं तर हट्ट करू नका. देवळात हात जोडले तरी देवाला पोचतं.

आता पाण्याचं सांगते. ओहोटी लागली की पाणी माणसाला आत ओढतं, भरती लागली की मागून घेरतं. त्यामुळे "आत्ता पाणी कमी आहे, जाऊ या पुढं" हे बोलणंच घातक. १ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्याच जिल्ह्यात मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती शिकलीसवरलेली, तरणीताठी मुलं होती. समुद्र वय बघत नाही आणि शिक्षणही बघत नाही. नदीत, विहिरीत पोहणाऱ्यानेही इथं शहाणपण करू नये.

आणखी एक गोष्ट डोळ्याला फसवते. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूत कुठं खोलगट चर असेल तिथून ते ओढ्यासारखं जोराने आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून आजूबाजूला फेस आणि मधेच शांत पाणी दिसतं. आपल्याला वाटतं, इथं बरं आहे, पोरांना इथं खेळू द्या. खरं तर तीच वाईट जागा. अशा ओढीत कुणी सापडलंच, तर किनाऱ्याकडे सरळ येण्याची धडपड करू नये, दम संपतो. अंग सैल सोडून तरंगावं, एक हात वर करून हाक मारावी आणि किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत जावं. ओढ अरुंद असते, बाजूला झालं की सुटका होते.

आपण मात्र नियम साधा ठेवायचा. मोठ्या माणसाने गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही, आणि लहान पोराचा हात सोडायचा नाही. भिजलेली साडी पायात गुंडाळते आणि जड होते, म्हणून पाण्यात जायचं तर पंजाबी ड्रेस घाला, ओढणी काढून ठेवा. नेसायची साडीच असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा आणि घोट्यापुरतंच पाणी घ्या. दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यात जाऊ द्यायचं नाही, मग तो घरचा कर्ता असो नाहीतर पाहुणा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाळी लावा. आपल्याकडे गुरं राखायला पाळी असते, तशी पाण्याची पाळी. अर्धा अर्धा तास एका मोठ्या माणसाने फक्त पाण्याकडे आणि पोरांकडे बघायचं. त्या वेळात मोबाईल नाही, फोटो नाही, गप्पा नाहीत, पिशव्या सांभाळणं नाही. पाळी संपली की पुढच्याचं नाव घेऊन सांगायचं, "आता तुमची पाळी, मी सुटले." आणि त्याने "हो" म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. यात नवरा, दीर, नणंद, मोठा मुलगा, सगळे आले. आमच्या घरी त्या दिवसापासून असंच चालतं. त्याचा दुसरा फायदाही झाला. पूर्वी मी दिवसभर चटईवर बसून असायची आणि संध्याकाळी "आई, किती मजा आली!" हे पोरांच्या तोंडून ऐकायची. आता माझी पाळी संपली की मी मोकळी होते. ओल्या वाळूवर अनवाणी चालते, लाट पायावर घेते, सासूबाईंचा हात धरून त्यांनाही नेते. जिथं राखण एकीच्याच गळ्यात असते, तिथं ती दमते आणि दमलेल्या डोळ्याला दिसत नाही. राखण वाटून घेतली की पोरंही सुखरूप राहतात आणि बाईलाही सहल मिळते.

तरीही कुणी बुडताना दिसलं तर एकदम उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे जातात. आपण प्यायच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन नेतो ना? तो रिकामा झाला की झाकण घट्ट लावून त्याला लांब दोरी बांधून ठेवा. तो फेकायचा, त्याला धरून माणूस तरंगतो. दोरी नसेल तर साडी फेका. आरडाओरडा करून जीवरक्षकाला, कोळ्यांना बोलवा, ११२ किंवा १०८ ला फोन लावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर उताणं निजवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मध्यावर जोराने, भराभर ३० वेळा दाबा आणि पुन्हा २ श्वास द्या. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच. हे नुसतं ऐकून येत नाही. गटाच्या पुढच्या बैठकीला आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवा आणि करून बघा. शेताच्या तळ्यावरही उपयोगी पडेल.

खर्चाचं म्हणाल तर सहलीसाठी कर्ज काढू नका. महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकले तर आठ महिन्यांत आठशे होतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास फुकट. त्यांचं आधारकार्ड तेवढं विसरू नका. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे स्टँडवर उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

जेवणाचंही आधी ठरवा. पहाटे तीनला उठून अकरा जणांचा स्वयंपाक करून निघालात, तर ती सहल तुमची नव्हे. भाकरी एकीने, चटणी दुसरीने, केळी आणि चिवडा पुरुषांनी आणायचा. नाहीतर तिथं घरगुती खानावळी आहेत, आधी भाव विचारून तिथंच जेवा. चार पैसे तिथल्या बाईच्या हाताला जातात, आणि आपल्यालाही एक दिवस वाढलेलं ताट मिळतं. बरोबर टोपी किंवा रुमाल, मीठ-साखरेचं पाणी, कोरडे कपडे आणि कचऱ्याला एक मोकळी पिशवी असू द्या. पाण्यात जेली मासा लागला तर वाळूने चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा. धाप लागली किंवा अंग सुजलं तर लगेच दवाखाना गाठा.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी दिवा लावून झाला की दिनदर्शिकेचं पुढचं पान उलटा. पंचमी कोणत्या वारी येते ते बघा. पाऊणपट करा. आणि घरात सांगा, "या दिवशी जायचं, इतक्या वाजता पाण्याकाठून उठायचं, आणि पहिली पाळी तुमची."