हालत्या खुर्चीचा ड्रायव्हर बोर्ड: बिघाड आणि त्याचा शोध

घरी बांधलेल्या मोशन सिम्युलेटरमध्ये संगणकावरच्या शर्यतीतील किंवा विमानोड्डाणातील हालचाल प्रत्यक्ष खुर्चीला दिली जाते. पडद्यावरची गाडी वळली की खुर्ची कलते, ब्रेक लागला की पुढे झुकते, खडबडीत रस्ता आला की थरथरते. या कल्पनेचे मूळ जुने आहे. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वडिलांच्या ऑर्गन-पियानो कारखान्यातील भाते आणि निर्वात पंप वापरून वैमानिकांच्या सरावाचे यंत्र उभे केले. ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीत एरिक गॉफ यांनी टायरच्या चाचणीसाठी सहा पायांचे हलते व्यासपीठ बनवले आणि डी. स्ट्युअर्ट यांच्या १९६५ च्या निबंधानंतर तशा रचनेला स्ट्युअर्ट प्लॅटफॉर्म हे नाव चिकटले. हौशी माणसाच्या खोलीत मात्र सहा पायांऐवजी बहुधा दोन किंवा तीन मोटरींवर भागते. त्यातल्या एका मोटरीने अचानक दगा दिला की पहिला आळ येतो तो मोटर कंट्रोलरवर, म्हणजे ड्रायव्हर बोर्डावर.

हा आळ अनेकदा चुकीचा असतो. बोर्ड ही साखळीतील एक कडी आहे. खेळातून वेग, कल आणि धक्के यांचे आकडे बाहेर पडतात; मोशन सॉफ्टवेअर त्यांचे प्रत्येक मोटरीसाठी अपेक्षित स्थितीत रूपांतर करते; ही स्थिती यूएसबीमार्गे आर्डुइनो ऊनोसारख्या छोट्या नियंत्रकाकडे जाते. त्यात हौशी मंडळींमध्ये सर्वाधिक रुळलेला प्रोग्राम म्हणजे तीन मोटरी सांभाळणारा एसएमसी३. मोटरीच्या दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर दांडा सध्या कुठे आहे ते ० ते १०२३ या अंकांत कळवतो. अपेक्षित आणि प्रत्यक्ष स्थितीतला फरक पाहून नियंत्रक ठरवतो की मोटर कोणत्या दिशेने आणि किती जोराने फिरवायची. ड्रायव्हर बोर्डाचे काम याच्यानंतरचे: पाच व्होल्टच्या नाजूक इशाऱ्यावर १२ किंवा २४ व्होल्टचा भरभक्कम प्रवाह मोटरीत सोडणे. मोटर बहुधा मोटारगाडीच्या किंवा बसच्या वायपरची, वर्म गिअर असलेली असते. पुण्यातल्या जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे ती सहज मिळते. बोर्ड, सेन्सर आणि तारा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात.

या साखळीत सर्वाधिक दिसणारा स्वस्त बोर्ड आयबीटी-२ हा आहे. त्याच्यावर इन्फिनिऑनच्या बीटीएस७९६० या दोन चिप असतात. प्रत्येक चिप म्हणजे अर्धा पूल: वरचा स्विच मोटरीचे टोक धन तारेला जोडतो, खालचा ऋण तारेला. दोन अर्धे पूल मिळून एच-ब्रिज तयार होतो. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा स्विच चालू केला की मोटर एका दिशेने फिरते, उलट जोडी चालू केली की दुसऱ्या दिशेने. हे स्विच म्हणजे मॉसफेट. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरीला मिळणारा सरासरी दाब कमी-जास्त केला जातो; यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. बीटीएस७९६० ला २५ किलोहर्ट्झपर्यंतची उघडझाप झेपते आणि तिचा वापराचा दाब ५.५ ते २७.५ व्होल्ट असतो.

विक्रेते या बोर्डावर ४३ अँपिअर असे ठळकपणे छापतात आणि इथेच पुष्कळ बिघाडांचे बीज पडते. ४३ अँपिअर ही सतत वाहू शकणाऱ्या प्रवाहाची हमी नाही. त्या ठराविक पातळीला चिप स्वतःहून प्रवाह अडवू लागते. प्रवाहाच्या मार्गातील रोध साधारण तापमानाला १६ मिलिओहम धरला तरी २० अँपिअरला सहा वॅटहून जास्त उष्णता तयार होते, आणि चिप तापली की रोधही वाढतो. बोर्डाच्या पाठीला लावलेल्या छोट्या ॲल्युमिनियम हीटसिंकपर्यंत ती उष्णता सर्किट बोर्डाच्या थरातून झिरपावी लागते. पंखा नसेल तर अर्ध्या तासाची शर्यत संपण्याआधीच तापमानाची मर्यादा गाठली जाते.

दुसरे कारण दिशा बदलताना उद्भवते आणि ते नीट समजून घ्यायला हवे, कारण सिम्युलेटरची मोटर सतत दिशाच बदलत असते. समजा, मोटरीच्या गुंडाळीचा रोध अर्धा ओहम आहे आणि सप्लाय १२ व्होल्टचा. मोटर जाम झाली तर प्रवाह २४ अँपिअरवर थांबतो. पण मोटर पूर्ण वेगात फिरत असताना ती स्वतःही दाब निर्माण करते, समजा १० व्होल्ट. त्या क्षणी उलट दिशेचा हुकूम आला तर सप्लायचे १२ आणि मोटरीचे १० व्होल्ट एकमेकांना मिळतात आणि प्रवाह ४४ अँपिअरकडे धावतो. शिवाय थांबणारी मोटर ऊर्जा सप्लायकडे परत ढकलते. बॅटरी ती गिळून टाकते; संगणकाचा किंवा सर्व्हरचा एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग सप्लाय, ती घेऊ शकत नाही, दाब चढतो आणि सप्लाय स्वतःला बंद करतो. मग तिन्ही मोटरी एकदम थांबतात आणि बोर्ड जळला असे वाटते.

तपासाची सुरुवात खुर्ची रिकामी करून आणि मोटरीचा दांडा खुर्चीच्या सांगाड्यापासून सोडवून करावी. यात सवलत नाही. बिघडलेला बोर्ड किंवा तुटलेली सेन्सरची तार मोटरीला पूर्ण जोराने टोकाकडे नेऊ शकते, आणि वर्म गिअरमधून येणारा जोर बोटे चिरडण्याइतका असतो. सप्लाय बंद केल्यावर मोठ्या कॅपॅसिटरमधला साठा उतरेपर्यंत थांबावे.

मग डोळे, नाक आणि पेचकस. फुगलेला कॅपॅसिटर, चिपवरचा तडा किंवा काळा डाग, वितळलेले हिरवे टर्मिनल, जळका वास. टर्मिनलचे स्क्रू प्रत्येक वेळी आवळून पाहावेत, कारण सिम्युलेटर हे मुळात थरथरणारे यंत्र आहे आणि थरथरीने स्क्रू ढिले होतात. ढिल्या जोडाचा रोध वाढतो, जोड तापतो, प्लॅस्टिक मऊ होते, तार आणखी सैल होते. बोर्डाच्या नावावर खपणारे कितीतरी बिघाड एवढ्यावरच मिटतात.

यानंतर बिघाडाचे लक्षण नीट वाचावे. मोटर सुरू करताच एका टोकाकडे सुसाट धावत असेल तर संशय आधी सेन्सरवर घ्यावा. पोटेन्शिओमीटरची मधली तार तुटली की नियंत्रकाला दांड्याची खरी जागा कळत नाही आणि तो मोटरीला ढकलतच राहतो. मोटरीच्या दोन तारा उलट लागल्या तरी तेच होते, कारण फरक कमी करण्यासाठी दिलेला प्रत्येक हुकूम फरक वाढवतो. वायपर मोटरीचा वर्म गिअर बाहेरच्या दांड्याकडून हाताने फिरत नाही, म्हणून पोटेन्शिओमीटर सोडवून नुसत्या बोटांनी फिरवावा आणि एसएमसी३ च्या पडद्यावर आकडा सलग सरकतो का ते पाहावे. मध्येच उडी मारली किंवा आकडा एका टोकाला चिकटला तर बोर्डाला हात लावायची गरजच नाही.

मोटर एकाच दिशेला फिरते आणि दुसऱ्या दिशेचा हुकूम येताच फ्यूज जातो, हे मात्र खालचा एखादा मॉसफेट शॉर्ट झाल्याचे ओळखीचे लक्षण आहे. त्या अर्ध्या पुलाचा वरचा स्विच लागताच धन आणि ऋण तारा थेट भिडतात. वरचा मॉसफेट शॉर्ट असेल तर बोर्डाला इनेबल, म्हणजे चालू होण्याचा इशारा, मिळताच, मोटर हलण्याआधीच, सप्लाय मान टाकतो. एका दिशेला चालते आणि दुसऱ्या दिशेला काहीच होत नाही, फ्यूजही जात नाही, अशा वेळी कारण बहुधा इशाऱ्याच्या बाजूला असते: तुटलेली जंपर वायर, सैल पिन किंवा चिपच्या आधी बसवलेल्या ७४एचसी२४४ या बफरचा निकामी झालेला एखादा मार्ग.

आणखी एक लक्षण फसवे आहे. बोर्ड मधूनच पूर्ण गप्प होतो, सगळे बंद करून पुन्हा सुरू केले की ठणठणीत चालतो. बीटीएस७९६० तापमानाची मर्यादा ओलांडली की स्वतःला बंद करते आणि थंड झाली तरी बंदच राहते. इनेबलची पिन एकदा खाली जाऊन पुन्हा वर आली तरच ती जागी होते. अनेक जण ही पिन कायमची पाच व्होल्टला जोडून टाकतात, त्यामुळे वीज बंद केल्याशिवाय ती खाली जातच नाही. असा बोर्ड जळलेला नसतो. त्याला वारा हवा असतो, किंवा कमी ओझे.

शॉर्ट आहे की नाही याचा निकाल मल्टिमीटर देतो. सप्लाय आणि मोटर दोन्ही सोडवलेले असावेत. मोटर जोडलेली राहिली तर तिच्या गुंडाळीमुळे दोन्ही अर्धे पूल एकच भासतात. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लाल प्रोब मोटरीच्या एम+ टर्मिनलवर आणि काळा सप्लायच्या बी+ वर टेकवला की निरोगी वरच्या मॉसफेटमधला अंगचा डायोड साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो. लाल बी- वर आणि काळा एम+ वर ठेवला की खालच्याचा तेवढाच आकडा येतो. प्रोब उलटे केले की मार्ग बंद दिसायला हवा. आकडा हळूहळू चढत असेल तर तो कॅपॅसिटर भरतो आहे. हेच एम- वर करावे. दोन्ही दिशांनी शून्याजवळचा आकडा म्हणजे तो मॉसफेट गेला. एक मर्यादा लक्षात ठेवावी: या चाचणीत पास झालेला बोर्ड चांगलाच असतो असे नाही. आतला डायोड शाबूत आणि स्विच चालवणारे सर्किट मेलेले, असेही असू शकते.

म्हणून पुढची चाचणी विजेवर. इथे महाराष्ट्रातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांतली सिरीज बल्बची पद्धत फार उपयोगी पडते. तिथे संशयित यंत्र मेनला जोडताना शंभर वॅटचा बल्ब एकसरीत घालतात. यंत्र शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि नुकसान टळते. १२ व्होल्टच्या सप्लायला तेच काम मोटारगाडीच्या ६० वॅटच्या हेडलाइट बल्बने होते. पेटल्यावर तो प्रवाह सुमारे पाच अँपिअरवर रोखून धरतो. मोटरीच्या जागी दुसरा, लहान बल्ब लावावा. व्हीसीसी आणि दोन्ही इनेबल पिना पाच व्होल्टला, जीएनडी ग्राउंडला, दोन्ही पीडब्ल्यूएम पिनाही ग्राउंडला. आता हेडलाइट पेटू नये. मग एक पीडब्ल्यूएम पिन पाच व्होल्टला लावावी: लहान बल्ब उजळतो आणि मीटरवर एका चिन्हाचा दाब दिसतो. दुसरी पिन लावली की चिन्ह उलटते. दोन्ही एकदम लावल्या तर बल्ब विझायला हवा, कारण मोटरीची दोन्ही टोके धन तारेवर येतात. इतके सगळे जमले तर बोर्ड निर्दोष धरून आर्डुइनो, तारा आणि मोटर यांच्याकडे वळावे. आर्डुइनो आणि बोर्ड यांचे ग्राउंड एकत्र जोडलेले आहे का, हे मात्र आधी पाहावे. ते सुटलेले असेल तर मोटर अनियमित झटके देते.

तीन मोटरींच्या यंत्रात अदलाबदलीचा सोपा मार्ग असतो. चालणाऱ्या अक्षाचा बोर्ड बिघडलेल्या अक्षाला लावावा. दोष बोर्डाबरोबर गेला की जागेवरच राहिला, ते पाहावे. एका वेळी एकच वस्तू बदलावी. मात्र संशयित मोटर तपासल्याशिवाय चांगला बोर्ड तिला कधीही जोडू नये. गुंडाळी शॉर्ट असलेली किंवा कार्बन ब्रशच्या भुकटीने भरलेली मोटर दुसराही बोर्ड घेऊन जाते. दोन्ही टोकांपासून मोटरीच्या धातूच्या अंगापर्यंत मार्ग नसावा. पुष्कळ वायपर मोटरींत मुळात एक टोक अंगालाच जोडलेले असते. ते सोडवून दोन्ही तारा बाहेर काढल्या नसतील आणि मोटर धातूच्या सांगाड्यावर घट्ट बसवलेली असेल, तर सगळ्या मोटरी आपोआप एकमेकींना जोडल्या जातात. एच-ब्रिजला हे चालत नाही, कारण दिशेप्रमाणे ते टोक कधी धन आणि कधी ऋण होते.

बीटीएस७९६० ची आयएस ही पिनही बोलकी आहे. वरचा स्विच चालू असताना मोटरीच्या प्रवाहाच्या सुमारे ८,५०० वा हिस्सा तिच्यातून बाहेर येतो. १ किलोओहमच्या रोधावर ८.५ अँपिअरला १ व्होल्ट मिळतो. चिपने दोष पकडला की हा दाब वर जाऊन तिथेच राहतो.

शॉर्ट झालेली चिप घरी बदलणे शक्य आहे, पण तिची रुंद पाठ तांब्याच्या मोठ्या पट्ट्यावर डाग दिलेली असते आणि साध्या सोल्डरिंग गनने ती सुटता सुटत नाही. नवा बोर्ड घेणे स्वस्त पडते. नवा बोर्ड बसवताना प्रत्येक मोटरीला मोटारगाडीत असतो तसा पात्याचा स्वतंत्र फ्यूज, बोर्डाजवळ सप्लायच्या तारांवर मोठा कॅपॅसिटर, मोटरीच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर आणि हीटसिंकवर पंखा द्यावा. एसएमपीएस असेल तर दाब चढताच जादा ऊर्जा जाळणारे ब्रेक-रेझिस्टर सर्किट घालावे. मोटरीची मुख्य वीज तोडणारे लाल बटण बसलेल्या माणसाच्या हाताशी हवे. पहिली धाव कमी दाबावर, एसएमसी३ मधली जोराची मर्यादा खाली ठेवून आणि दांडा मोकळा ठेवून घ्यावी. सेन्सरचा आकडा हुकमामागे दोन्ही दिशांनी नीट जातो, टोकाच्या मर्यादेला मोटर थांबते, हे दिसले की दांडा जोडावा, खुर्चीवर वाळूची पोती ठेवून यंत्र अर्धा तास चालवावे आणि थांबवून हीटसिंक, टर्मिनल, मोटर किती तापले ते पाहावे. माणूस त्यानंतर बसवावा.