पाणी नितळ, पण मासा जगेल का?

माशांच्या टाकीतलं पाणी नितळ दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण अमोनियाला रंगच नसतो. मासा कल्ल्यांवाटे तो सतत सोडत असतो; उरलेलं खाणं आणि कुजकी पानं त्यात भर घालतात. म्हणून नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, टेस्ट किटमधले थेंब टाकायचे आणि काही मिनिटं थांबायचं. पिवळा रंग टिकला तर उत्तम. हिरवी झाक आली तर अमोनिया आहे.

मात्र एकाच हिरव्या छटेचा धोका दर वेळी सारखा नसतो! किट एकूण अमोनिया मोजतं. त्यातला विषारी वाटा किती, ते पीएच ठरवतो. 25 अंश सेल्सियसला पीएच 7 असेल तर हा वाटा जेमतेम अर्धा टक्का, पीएच 8 झाला की साधारण 5 टक्के. त्यातून वनस्पतींच्या टाकीत पीएच दिवसभर हलत असतो. उजेडात झाडं कार्बन डायऑक्साइड शोषतात, पीएच चढतो, रात्री उतरतो. तेव्हा पाणी तपासायचं ते रोज ठरल्या वेळीच.

हा अमोनिया संपवतं कोण? थोडा झाडं खातात. बाकीचा फिल्टरच्या स्पंजावरचे सूक्ष्मजीव. आधी त्याचं नायट्राइट होतं, मग नायट्रेट. मधलं नायट्राइटही घातक: माशाचं रक्त तपकिरी पडतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ही दोन कामं दोन वेगवेगळे जीवाणू करतात, असं शतकभर मानलं जात होतं. 2015 साली दोन्ही कामं एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा जीवाणू सापडले, आणि त्यातले काही चक्क मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये! त्याआधी 2005 मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून अमोनियावर जगणारा, जीवाणूंहून वेगळ्या अशा आर्किया गटातला सूक्ष्मजीव वेगळा काढला गेला होता. इतकं मोठं विज्ञान टाकीच्या तळाशी आणि फिल्टरमध्ये दडलेलं होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

नव्या टाकीत या सूक्ष्मजीवांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे मोजकेच ठेवा, खाणं बेताने घाला. आणि फिल्टर साफ करताना स्पंज नळाखाली धरू नका, क्लोरीन या जिवांना मारतं. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळा.