‘घरीच केलीस?’

हळदीकुंकवाला किंवा भिशीला कुणाच्या नाकात नवी नथ दिसली की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, ‘‘अगंबाई, किती सुरेख! घरीच केलीस?’’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं, ‘‘मग मलाही एक करून दे ना!’’ पहिल्या वाक्यातलं कौतुक अगदी मनापासूनचं असतं. पण दुसऱ्या वाक्यात किंमत विचारलेली नसते, हे तुमच्या लक्षात आलंय का? तीच मैत्रीण पुण्याला गेली की तुळशीबागेतून तशीच नथ दीडशेला घेते. फार तर वीस रुपये कमी करून मागते. ‘घरीच’ या एका शब्दाने वस्तूची किंमत कुठे गायब होते, हे कोडं बचत गटांच्या कामात फिरताना मला सतत पडत आलंय.

तसं पाहिलं तर मणी ओवणं आपल्याला मुळीच नवीन नाही. आपल्या आज्या-मावश्यांनी रुखवतासाठी काचेच्या मण्यांची तोरणं केली, ताटाभोवतीच्या महिरपी केल्या, तांब्यावरची झाकणं विणली. गौरींसाठी मोत्यांच्या माळा, मुंजीसाठी मुंडावळ्या, संक्रांतीला नव्या सुनेसाठी आणि बाळाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने, हे सगळं घरात व्हायचं. दुपारी डोळ्याला डोळा न लावता व्हायचं. पण त्याचे तास कुणी मोजले नाहीत. ‘हाताला कला आहे हो’ एवढ्यावर भागलं.

आणि आता दुसरी बाजू बघा. सराफकट्ट्यावर पटवेकरी बसतो. मंगळसूत्राचे काळे मणी सुटले की आपण त्याच्याकडे जातो. सोनं आपलं, मणीही बहुतेक वेळा आपलेच. त्याचं काय असतं? दोरा आणि हात. तो गाठवून देतो, मजुरी सांगतो आणि आपण निमूटपणे देतो. तिथे कुणी म्हणत नाही, ‘‘बसल्या बसल्या तर करतोस, त्याचे कसले पैसे?’’ मग हेच वाक्य घरातल्या बाईला का ऐकावं लागतं? आणि त्याहून वाईट म्हणजे, ती स्वतःच ते का म्हणते?

आमच्या गटातल्या एकीची गोष्ट सांगते. तिच्या नवऱ्याचं छोटंसं दुकान होतं, ते बंद पडलं. मुलगी डिप्लोमाला, फीचा हप्ता तोंडावर. हिचे हात सुरेख चालतात, म्हणून आम्ही सगळ्यांनीच तिला सुचवलं की नथी करून विक. तिने केल्या. साठ रुपयांना एक, अशा गौरी-गणपतीच्या आधी पन्नास विकल्या. सगळीकडे वाहवा झाली, पण हप्त्याच्या दिवशी डब्यात पाहिलं तर पैसे काही पुरेनात. ‘‘वहिनी, खपल्या तर सगळ्या. मग पैसे गेले कुठे?’’ असं तिने मला विचारलं, तेव्हा आम्ही चौघीजणी वही-पेन आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन बसलो.

त्या दुपारचा हिशेब सगळाच्या सगळा देते, कारण असा हिशेब कुठल्या हस्तकलेच्या वर्गात शिकवत नाहीत. एका नथीला मोती चौदा रुपयांचे, तार सहा रुपयांची, मधला गुलाबी खडा चार रुपयांचा, डबी आणि खालचं कार्ड सहा रुपयांचं. झाले तीस. माल आणायला ती पुण्याला जाते. एसटीत २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे हे खरं, तरी जाणं-येणं, रिक्षा, चहा धरून अडीचशे होतातच. पन्नास नथींवर ते वाटले तर नथीमागे पाच. दहांतली एखादी बिघडते, मोत्याचं पॉलिश उडतं, तार तुटते, त्याचे तीन धरले. एकूण अडतीस. म्हणजे साठातून तिच्या हातात उरले बावीस.

आता घड्याळ. मध्ये दूध उतू गेलं, दाराशी कुरिअरवाला आला, हे सगळं वजा करूनही एका नथीला बरोबर एक तास लागला. आमच्या भागात खुरपणीला जाणाऱ्या बाईला दिवसाचे तीनशे मिळतात. तासाला साधारण पंचेचाळीस पडतात. म्हणजे डोळे फोडून नाजूक काम करणाऱ्या आमच्या कलावंतिणीला शेतमजुरीच्या निम्मीच मजुरी पडत होती! खुरपायला जाणाऱ्या बाईला कमी लेखायचं नाही हं, तिचं काम उन्हातलं आणि कष्टाचं. पण ती आपला रोज ठरवून घेते. आमच्या बाईने तो ठरवलाच नव्हता.

‘‘घरातच तर बसते मी, वहिनी. वेळेचे काय पैसे लावायचे?’’ ती म्हणाली. गटातल्या एका मावशींनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, ‘‘मग ये की माझ्याकडे बसायला. पापड लाटायचेत.’’ सगळ्या हसलो, पण मुद्दा तिला पटला.

अडतीस अधिक पंचेचाळीस, झाले त्र्याऐंशी. ही विक्रीची किंमत नव्हे, ही नुसती अंगावर न येण्याची किंमत. बांगड्यांच्या दुकानात किंवा पार्लरमध्ये माल ठेवला तर ते लोक पाव हिस्सा घेतात, आणि त्यात गैर काही नाही, जागा त्यांची असते. म्हणून नथ एकशेवीसला लावली. दुकानदाराचे तीस गेले तरी नव्वद हातात येतात आणि खर्च वजा जाता बावन्न उरतात. इथे एक गोष्ट मात्र पाळायची. घरी आलेल्या गिऱ्हाइकालाही एकशेवीसच सांगायचे. दुकानात एकशेवीस आणि घरी नव्वद असं केलं की महिन्याभरात दुकानदार माल परत करतो. घरच्या विक्रीतले वरचे तीस ही आपली विक्रेती म्हणून केलेल्या कामाची कमाई असते.

भाव दुप्पट केल्यावर काय झालं? काही गिऱ्हाइकं तुटली, खोटं कशाला बोला. एक-दोघी तर ‘‘शेफारली’’ असंही म्हणाल्या. पहिल्या दोन महिन्यांत विक्री चांगलीच घटली आणि तिची झोप उडाली. पण ज्या आल्या त्या पुन्हा आल्या, कारण भावाबरोबर तिने मालही सुधारला होता.

मालाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे नवख्या बायकांना उलटं वाटतं. वीस गेजची तार साधारण ०.८ मिलिमीटर जाड असते, ती नथीच्या सांगाड्याला. अठ्ठावीस गेजची ०.३ मिलिमीटरच्या आसपास, ती मोती ओवून वेढे द्यायला. तार एकदाच वाकवायची. चुकली म्हणून सरळ करून पुन्हा वाकवली, पुन्हा सरळ केली की ती कडक होते आणि नेमकी शेवटच्या वेढ्याला तुटते. तारेचं टोक कापल्यावर पकडीने आत दाबायचं. बोट फिरवून पाहायचं, आणि बोटाला कळलं नाही तर मलमलच्या कपड्यावरून फिरवायचं. धागा अडकला तर ते टोक ओठालाही टोचणार. एक तार कापायची पक्कड, एक निमुळत्या तोंडाची आणि एक गोल तोंडाची, एवढ्यावर सुरुवात होते. घरातली विजेच्या कामाची पक्कड वापरू नका, तिच्या दात्यांचे ओरखडे तारेवर उठतात.

मोत्यांचे प्रकार हाताला कळतात. प्लॅस्टिकचा मोती हलका असतो आणि बऱ्याचदा त्यावर साच्याची बारीक रेघ दिसते. काचेचा मोती जड आणि हाताला गार लागतो. भोकापाशी नीट पाहा, तिथे मुलामा आत्ताच सुटलेला असेल तर ती लडी परत ठेवा. घामाने तो आणखी सुटणार. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला मोती, खडे, तारा घाऊक मिळतात. पहिल्याच खेपेला मोहात पडून सगळे रंग आणू नका. मोती, काळे मणी, गुलाबी आणि हिरवा खडा एवढं आणा. आमच्याकडे एकीच्या कपाटात निळ्या मण्यांचे दोन डबे तीन वर्षं पडून आहेत.

आणि हो, नाकाचं प्रकरण नाजूक असतं. स्वस्त दागिन्यांच्या धातूत बऱ्याचदा निकेल असतं आणि त्याने पुष्कळ जणींच्या त्वचेला खाज सुटते, पुरळ येतं. म्हणून टोचलेल्या नाकात जाणारी तार शक्यतो चांदीची घ्यावी आणि त्याचे जास्तीचे पैसे गिऱ्हाइकाला सांगून घ्यावेत. नाक न टोचलेल्या मुलींसाठी दाबाची नथ करतात. आजकाल तिलाच मागणी जास्त! घरात लहान मूल असेल तर ओवायला बसताना जुनी चादर खाली अंथरा आणि उठताना झटकून मणी गोळा करा. नाकाकानात मणी घालणारी पोरं प्रत्येक घरात असतात. डोळ्यांसाठी दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला. रात्री अकरानंतर ‘एवढी एकच’ म्हणत बसू नका, दुसऱ्या दिवशी ती उसवावीच लागते.

हंगाम ओळखणं हीसुद्धा कलाच आहे. संक्रांतीला हलव्याचे दागिने, मग लग्नसराई आणि मुंजी, त्यात मुंडावळ्या आणि भिकबाळ्या. श्रावणापासून नथी, गौरींचे दागिने, नवरात्रात रंगांच्या माळा. पितृपक्षात कुणी ढुंकून पाहत नाही. या रिकाम्या दिवसांत एक व्यापारी आमच्याकडे कच्चा माल देऊन जातो आणि सोप्या नथीमागे पंधरा रुपये मजुरी देतो. घ्यावं का हे काम? गटात यावर बरीच वादावादी झाली. माझं मत असं, की अर्ध्या तासात एक होत असेल आणि हातात दुसरं काम नसेल तर जरूर घ्यावं. पण आपल्या ऑर्डरी बाजूला ठेवून नव्हे. आणि तीच नथ शहरात कितीला विकली जाते, हे एकदा तरी स्वतः जाऊन बघावं.

सरकारी कागदाबद्दल एवढंच सांगते, की उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. आमच्यातल्या एकीकडे कुणी एजंटाने तिचे पंधराशे मागितले होते. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जायचं असेल तर ‘उमेद’च्या गटातून प्रयत्न करता येतो. मात्र तिथे जाण्याआधी निदान शंभर नग तयार हवेत. वीस नथी घेऊन स्टॉल सजत नाही.

आता सगळ्यात नाजूक विषय. गेल्या वर्षी आमच्या गावातल्या प्रदर्शनात मी सहज फिरत होते. बारा स्टॉल बायकांचे. प्रत्येकीपुढे क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा. गिऱ्हाईक पैसे पाठवलं की वाजायचं कुठे? नवऱ्याच्या खिशात, नाहीतर मुलाच्या मोबाइलवर! बारापैकी सात पुठ्ठे दुसऱ्याच्या नावाचे होते. भांडण वगैरे काही नाही, ‘‘त्यांनाच जमतं ना ते’’ म्हणून. पण मग पुढच्या खेपेचे मोती आणायला पैसे मागावे लागतात, आणि मागताना ‘‘परवाच तर दिले होते’’ हेही ऐकावं लागतं. विकलं किती, उरलं किती, याचा पत्ता त्या बाईलाच नसतो.

आमच्या नथवालीचंही तसंच होतं. कोड मुलाच्या नावाचा. बँकेत तिचं खातं होतं, गॅसच्या सबसिडीपुरतं. आम्ही दोघी जाऊन मोबाइल नंबर जोडून आलो, तिच्या नावाचा कोड काढला. मुलाने आधी तोंड वाकडं केलं, नंतर त्यानेच पुठ्ठ्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालून दिलं. वहीत आता तीन रकाने आहेत. माल, तास आणि जमा. फीचा यंदाचा हप्ता तिने त्याच खात्यातून भरला. सगळा नाही, निम्मा. बाकीचा नवऱ्याने. तो आता एका गोडाऊनला कामाला जातो आणि पुण्याला गेला तर मोत्यांच्या लडी बरोबर त्याच दुकानातून आणतो. भोकापाशी मुलामा तपासून.

परवा तिच्याकडे गेले तर समोर मोत्यांचा ढीग. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांसाठी मुंडावळ्यांच्या सात जोड्यांची ऑर्डर होती. ‘‘निम्मे आगाऊ घेतलेत,’’ मान वर न करता ती म्हणाली. ऑर्डर कुणाची, विचारलं, तर तिच्या सख्ख्या नणंदेची!