डेटाबेस सर्व्हरचा कार्यकाळ : नोंद, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना : उल्हास नदीकाठच्या बदलापूर शहराने २६ जुलै २००५ व २७ जुलै २०१९ असे दोन मोठे पूर अनुभवले. दुसऱ्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली होती. अशा प्रसंगी वीजपुरवठा खंडित झाल्यास महाविद्यालयातील सर्व्हरही बंद पडतो. वीज परतल्यावर पूर्ण झालेले व्यवहार सामान्यतः सुरक्षित आढळतात. अर्धवट व्यवहार मात्र रद्द होतात. त्यामुळे ग्रंथालयातील देवघेवीच्या वा परीक्षा विभागातील गुणांच्या कोणत्या नोंदी पुन्हा तपासाव्यात, हे ठरविण्यासाठी सर्व्हर केव्हा सुरू झाला हे ज्ञात असावे लागते.

नोंदीचे स्वरूप : संगणक सुरू असणे व डेटाबेस सुरू असणे या भिन्न बाबी होत. संगणक अखंड चालू असतानाही डेटाबेस बंद होऊन पुन्हा सुरू झालेला असू शकतो. म्हणून ही माहिती खुद्द डेटाबेसकडूनच मिळणे इष्ट ठरते. मायएसक्यूएल हा कार्यकाळ ‘अपटाइम’ या नावाने सेकंदांत दर्शविते. पोस्टग्रेस्क्यूएलच्या नोव्हेंबर २००५ मधील ८.१ या आवृत्तीत ‘पीजी_पोस्टमास्टर_स्टार्ट_टाइम’ या फंक्शनची भर पडली. ते कालावधी न देता प्रारंभाची वेळ देते. चालू वेळेतून ती वजा केल्यास कार्यकाळ मिळतो. प्रारंभाची वेळ स्थिर असल्याने ती अन्य नोंदींच्या वेळांशी थेट ताडून पाहता येते.

मर्यादा : पहिली मर्यादा अशी की, ‘पोस्टमास्टर’ ही मुख्य प्रक्रिया होय. तिची एखादी उपप्रक्रिया कोलमडल्यास ती सर्व जोडण्या तोडून डेटाबेस पूर्वपदावर आणते. परंतु स्वतः थांबत नसल्याने प्रारंभाची वेळ बदलत नाही. सेवा खंडित होऊनही कार्यकाळ अखंड दिसतो. दुसरे असे की, मदरबोर्डवरील बॅटरी निकामी असल्यास वीज परतल्यावर घड्याळच चुकते व चुकीची वेळ नोंदली जाऊ शकते. तिसरे म्हणजे, केवळ शेवटचा प्रारंभ कळतो. त्याआधीच्या खंडांसाठी लॉग पाहावा लागतो.

निष्कर्ष : दीर्घ कार्यकाळ हे विश्वासार्हतेचे प्रमाणपत्र नव्हे. सुरक्षाविषयक सुधारणा लागू करण्यासाठी सर्व्हर पुन्हा सुरू करावाच लागतो. महिनोन्‌महिने न थांबलेला सर्व्हर कदाचित त्या सुधारणांपासून वंचित राहिलेला असतो. प्रारंभाची वेळ, लॉग व बॅकअपची तारीख या तिन्ही बाबी एकत्रित पाहिल्यासच विद्यार्थ्यांच्या नोंदींविषयी खात्रीने बोलता येते.